अक्काचा श्वास आणि भजनी मंडळ

माणूस आणि बेडूक यांच्यात मूलभूत फरक आहे आणि तो इच्छाशक्तीचा आहे, असं आमचे विभागप्रमुख दरवर्षी पहिल्या व्याख्यानात सांगत. हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे उच्चारत की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्पा थांबवून ऐकत. त्यानंतरचं अख्खं वर्ष मात्र माणसाच्या शरीराबद्दल जे काही शिकवायचं ते आम्ही बेडकावरून शिकवत असू.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. बंगळुरातल्या एका मेडिकल कॉलेजात, शरीरक्रिया विभागात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. प्राध्यापकांनी एखादी गोष्ट सांगायची आणि ती खरी असल्याचं मी दाखवायचं, अशी कामाची वाटणी होती. बेडकाच्या पोटाच्या स्नायूची एक पट्टी काचेच्या नळीत, खारट पाण्यात टांगायची. तिच्या वरच्या टोकाला दोऱ्याने हलकी काडी बांधायची आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर टेकवायचं. पाण्यात अॅसिटिलकोलीनचे थेंब टाकले की पट्टी आखडते आणि काडी काजळीत वर चढणारी पांढरी रेघ ओढते. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो याच द्रव्याने. हुकूम ऐकणारं काहीतरी स्नायूच्या अंगावर असलं पाहिजे, एवढं तेव्हा ठरलं होतं. त्याला ग्राही म्हणत. तो कोणी पाहिलेला नव्हता. देवाच्या बाबतीत आमच्या घरी हीच परिस्थिती होती, पण ग्राहीला नैवेद्य लागत नसे.

एकदा विभागाला कोणी मोठे पाहुणे भेट देणार होते. पाहुणे दारात पाऊल ठेवतील तेव्हा रेघ वर चढलेली दिसली पाहिजे, असा प्रमुखांचा आग्रह. म्हणून मी द्रव्य आधीच टाकून ठेवलं. रेघ चढली. पाहुणे आले नाहीत, कारण मोठे पाहुणे वेळेवर आले तर ते मोठे कसले? द्रव्य नळीत तसंच होतं आणि तरीही रेघ हळूहळू खाली उतरू लागली. प्रमुख म्हणाले, "आणखी टाका." टाकलं. काडी हलली नाही. "आणखी." तरी नाही. शेवटी पाहुणे आले तेव्हा प्रमुखांनी त्यांना सांगितलं की या जीवाने विज्ञानासाठी प्राण वेचले आहेत, आणि पाहुण्यांनी हात जोडले. ते सगळे चहाला गेल्यावर मी नळीतलं पाणी बदललं, पट्टी दोन-तीनदा स्वच्छ धुतली आणि नुसता बसून राहिलो. अर्ध्या तासाने तिला अगदी थोडं द्रव्य दिलं. रेघ पहिल्यासारखी वर गेली. पट्टी मेली नव्हती. सतत कानाशी ओरडल्यामुळे ती बहिरी झाली होती, आणि तिला औषध नको होतं, शांतता हवी होती.

हे मला त्या दिवशी नुसतं गमतीचं वाटलं.

आमचं घर कॉटनपेटेत. आमच्या घराण्याने महाराष्ट्र सोडून इतकी शतकं झाली होती की सोडण्याचं कारण प्रत्येक काका वेगळं सांगे. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि रागावल्यावर दोन्ही. माझी थोरली बहीण, अक्का, प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं. त्याची बरीच कारणं नातेवाइकांत सांगितली जात. खरं कारण म्हणजे तिने नाही म्हटलं होतं. श्रावणात गल्लीतल्या बायकांना ती पोथी वाचून दाखवी. आवाज असा की पलीकडच्या गिरणीतला माणूस चक्की बंद करून ऐकत बसे.

एका श्रावणात तो आवाज पानाच्या अर्ध्यावर बसू लागला. आधी नाकात जाई, मग नुसते ओठ हलत. सकाळी ती ठणठणीत असे. दुपार कलली की पापण्या खाली येत, समोरच्या एका वस्तूच्या दोन दिसत, आणि भाकरीचा घास चावता चावता जबडा मध्येच थांबे. मग ती हाताने हनुवटी वर ढकलून चावायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. वैद्यांनी काढा दिला. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. आमच्या विभागप्रमुखांनी विचारपूस करून इच्छाशक्ती सुचवली.

अखेर शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी तिला एक सुई टोचली. थोड्याच वेळात तिच्या पापण्या वर गेल्या. तिने मान वळवून आईकडे पाहिलं.

"आई, आता तू एकच दिसतेस."

"एकच आहे मी," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

रोग असा होता की हुकूम निघत होता, पण स्नायूपर्यंत पुरेसा पोचत नव्हता. औषध हुकूम वाढवत नाही. हुकुमाचं द्रव्य शरीर लगेच मोडून टाकतं, ते मोडणं औषध लांबवतं. त्या सुईच्याच औषधाच्या गोळ्या मद्रासहून मागवाव्या लागत. बाटली आली तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावलं आणि देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. अक्काला गोळी द्यायची ती तीर्थासारखी, तिने उजव्या हाताचा तळवा पुढे करायचा. मला हसू आलं, पण गोळी कुठे ठेवली यावर तिचा गुण अवलंबून नसतो, तेव्हा मी गप्प बसलो.

गौरीच्या सणाला घर भरलं. काकू, दावणगेऱ्याची आत्या, दोन चुलत वहिन्या आणि मामा. मामा यशवंतपूरच्या रेल्वे यार्डात नोकरीला होते आणि उरलेल्या आयुष्यात भजनी मंडळाचे प्रमुख. येणारा प्रत्येक जण अक्काजवळ बसे, तिच्याशी मायेने बोले, पापणी जरा उतरलेली पाही, उठून देवघरात जाई आणि बाटलीला नमस्कार करून एक गोळी आणून तिच्या तळव्यावर ठेवी. तीर्थाला नाही कसं म्हणायचं? सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काच्या तोंडातून लाळेची तार लागली, ती घामाने भिजली आणि मान खांद्यावर पडली. श्वास आखूड झाला. आईने घाबरून आणखी एक गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने ओठांत सोडली.

इस्पितळात मोठे डॉक्टर आले. त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची रांग होती. त्यांनी अक्काची पापणी उचलून सोडली, ती पडली.

"रोग बळावला," ते रांगेकडे बघून म्हणाले. "डोस अपुरा पडतोय. सुई दुप्पट."

मी तिच्या पोटरीकडे पाहत होतो. कातडीखाली मांस वळवळत होतं, भांड्यात पाणी उकळायच्या आधी हलतं तसं. गालातही तेच. आमच्या नळीत द्रव्य जास्त झालं की पट्टी निपचित पडण्याआधी अशीच थरथरे.

"सर," मी म्हणालो, "औषध कमी नाही, जास्त झालं असावं. स्नायू ऐकेनासे झालेत. आणखी दिलं तर—"

"आपण डॉक्टर?"

"नाही. डेमॉन्स्ट्रेटर."

"कशाचे?"

"बेडकाचे," मी म्हणालो. रांगेत कोणीतरी खोकलं.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. सगळे भिंतीला टेकून उभे होते.

"आज गोळ्या कोणी दिल्या?"

"मी एकच दिली," आई म्हणाली. "आणि ती शेवटची चमच्याने."

"मी पण एकच," काकू. "सकाळी."

"मी एकच. कालची धरू नको," आत्या म्हणाल्या.

"आम्ही दोघींनी मिळून एक," थोरली वहिनी म्हणाली. "नाही गं, मी नंतर पुन्हा दिली ना," धाकटी म्हणाली.

मामांनी टोपी काढली. "अरे, मी प्रसाद म्हणून दिली. रिकाम्या हाताने कसं भेटायचं?"

प्रत्येकाने एकच दिली होती. आमचं घराणं मोठं होतं, एवढाच काय तो दोष.

आत परत गेलो तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई अक्काच्या घशातली लाळ रबरी नळीने ओढून काढत होत्या. माझ्याच वयाच्या असतील. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. बोलताना त्या कन्नडातून मराठीत आणि परत अशा ये-जा करत, कारण त्या बेळगावच्या. त्यांनी अक्काचा डोळा उघडून टॉर्च मारला. "बाहुली बघा, टाचणीच्या डोक्याएवढी. औषध जास्त झालं की अशी होते. मघाशी तुम्ही म्हणालात ते बरोबर असेल." मग मोठ्या डॉक्टरांकडे वळून त्या म्हणाल्या, "सर, सुई थांबवू या का? सगळंच औषध बंद करून बघू."

"औषध बंद केलं तर तिचा श्वास बंद पडेल."

"तो पडतोच आहे, सर."

मोठ्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप खिशात घातला. "तुमच्या जबाबदारीवर," ते म्हणाले. ते कोणाला उद्देशून होतं हे कळलं नाही. ते निघून गेले तेव्हा सगळ्यांत जवळ मी उभा होतो.

"किती वेळ लागेल स्नायू परत ऐकायला?" बाईंनी विचारलं.

"बेडकाला अर्धा तास."

"आणि माणसाला?"

"माहीत नाही."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि तयारीला लागल्या.

त्यांनी अक्काच्या गळ्याला छेद देऊन श्वासनळीत एक नळी बसवली आणि तिला रबरी फुगा जोडला. फुगा दाबला की छाती वर येई, सोडला की खाली जाई. श्वास देणारं यंत्र त्या इस्पितळात नव्हतं. फुगा दिवसरात्र हाताने दाबायचा होता, आणि तेवढ्या नर्स नव्हत्या. "माणसं लागतील," बाई म्हणाल्या, "थकणारी नकोत आणि एका लयीत दाबणारी हवीत."

"लयीचं तुम्ही आम्हाला सांगू नका," मामा म्हणाले. त्याच संध्याकाळी यार्डातून, शिंप्यांच्या गल्लीतून आणि कापडगिरणीतून भजनी मंडळ इस्पितळात हजर झालं. वॉर्डाच्या दारात त्यांनी चपला काढून ओळीत ठेवल्या.

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत वाईट दिवस. औषध अंगातून उतरलं तशी वळवळ थांबली, लाळ थांबली, आणि त्याबरोबर जे थोडं हलत होतं तेही थांबलं. आता मूळ रोग उघडा पडला होता. अक्काला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. फक्त उजव्या हाताचं एक बोट हलत होतं. आम्ही ठरवलं की काही बिनसलं तर तिने खाटेच्या लोखंडी कठड्यावर ते बोट आपटायचं. बाकी ती मिटल्या पापण्यांमागे पडून होती, आणि तिचा श्वास एका शिंप्याच्या हातात होता.

आई माझ्याशी बोलत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, "औषध तू बंद करायला लावलंस. माझी पोर मी तुझ्याकडे मागीन." माझ्याकडे पुरावा होता तो एका पट्टीचा, जिला आत्मा नव्हता. ग्राही बहिरा होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते बाहेरून होतं की स्नायूच्या आतून काही त्याला गप्प करतं, आणि गप्प झालेला परत बोलतोच याची खात्री काय, हे मला माहीत नव्हतं. जगात कोणाला माहीत असेल असंही वाटत नव्हतं. त्या दिवसांत मी घरातल्या, गल्लीतल्या आणि वाटेत लागणाऱ्या सर्व देवांना विनंत्या केल्या. माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता, पण त्यांचाही माझ्यावर नसावा, म्हणून तो मुद्दा मी काढला नाही.

मंडळ पाळी लावून फुगा दाबत होतं. नुसतं दाबून हात भलतीकडे जातो म्हणून ते ओठांतल्या ओठांत भजन म्हणत आणि त्या ठेक्यावर दाबत. पहिले दिवस ठीक गेले. मग एका सकाळी मामांची पाळी होती. मी पायाशी बसलो होतो. मामा डोळे मिटून गुणगुणत होते. अक्काचं बोट कठड्यावर वाजलं. टक्. मग टक्-टक्.

मामांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर असा आनंद की मला भीती वाटली. "बघ, पोरगी ताल धरतेय!" ते म्हणाले, आणि त्यांनी लय वाढवली.

बोट आणखी जोराने आपटू लागलं. मामा आणखी रंगले. भजन शेवटाकडे आलं की लय चढते, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मंडळातला दुसरा एक जण उभ्या उभ्या टाळीसुद्धा देऊ लागला. अक्काच्या छातीचा भाता झाला होता. श्वास अती झाला की येतो तसा पेटका येऊन तिच्या हाताची बोटं एकत्र आत वळायला लागली. मी ओरडलो, "मामा, थांबा!"

"आता कसं थांबू, चरण अर्धाच झालाय!"

बाई धावत आल्या आणि त्यांनी मामांच्या हातावर हात ठेवला. "स्वल्प निधान, मामा! स्वल्प निधान! जरा हळू. ती ताल धरत नाही, तुम्हाला शिव्या देतेय."

मामा थिजले. लय उतरली. अक्काची बोटं हळूहळू सैल झाली. मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात चुकत नव्हता. "बाई, विलंबित कधी म्हटलंच नाही आम्ही," ते म्हणाले. "लोक उठून जातात."

त्यानंतर बाईंनी मंडळाला भजनच बंद केलं. स्वतःचा श्वास बघायचा आणि त्याबरोबर दाबायचं, एवढंच. वॉर्ड अगदी शांत झाला. मोठी बडबडी माणसं खाटेभोवती मान खाली घालून श्वास घेत उभी असत.

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. मोजण्यासारखं काही घडत नव्हतं. मग एका सकाळी बाईंनी औषधाचा अगदी थोडा अंश सुईतून दिला. मी पापणीकडे बघत होतो. काही नाही. आईने माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. मी उठून खिडकीशी गेलो. बाहेर एक माणूस हातगाडीवरचे पेरू रचत होता. तो इतक्या निवांतपणे रचत होता की मला त्याचा राग आला.

"तम्मा," मामांनी मागून हळूच हाक मारली. मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, फक्त अक्का म्हणे. मामांनी ते तिच्याकडून उचललं होतं. "तम्मा, हा फुगा उलटा ढकलतोय."

"म्हणजे?"

"मी दाबतो तेव्हा ती सोडतेय. भांडतेय माझ्याशी."

बाईंनी फुगा त्यांच्या हातातून काढून घेतला. सगळे बघत राहिले. छाती जराशी वर आली. खाली गेली. बराच वेळ काही नाही. पुन्हा वर आली. पापणीची फट उघडली आणि आतल्या बाहुलीने आधी बाईंकडे, मग आईकडे पाहिलं. आई खाली बसली, जमिनीवरच.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की ग्राही म्हणजे पेशीच्या कातडीत बसवलेली एक दारवाली वाट असते, द्रव्य आलं की दार उघडतं. आणि पेशीच्या आत असे रेणू असतात, स्नायूत आणि मज्जापेशीतही, जे ग्राहीच्या आतल्या टोकाला फॉस्फेटचा बारीकसा तुकडा चिकटवतात. त्याने हाक चालू असतानाच दार किती लवकर मिटायचं हे बदलतं. दुसरे रेणू तो तुकडा काढून घेतात. बाहेर कोण किती ओरडतोय याला पेशी आतून उत्तर देत असते. हे मला तेव्हा कळलं असतं तर उपयोग काही झाला नसता. फुगा दाबावाच लागला असता. पण बाहेर काही दिसत नसलं तरी आत काम चालू आहे हे माहीत असतं, आणि पेरूवाल्याचा इतका राग आला नसता.

मोठ्या डॉक्टरांनी आपल्या रांगेला ही केस रोग्याच्या दुर्दम्य इच्छाशक्तीचं उदाहरण म्हणून समजावून दिली. अक्का ते ऐकत होती. गळ्यात नळी असल्याने तिला मत देता आलं नाही.

रोग गेला नव्हता, जाणारही नव्हता. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण आता त्या माझ्या कपाटात होत्या आणि नमस्कार न करता दिल्या जात. शाळेने तिला भाषेचा वर्ग काढून गणित दिलं, त्यात बोलावं कमी लागतं म्हणून. पोथी पुढच्या श्रावणापासून काकू वाचू लागल्या. गिरणीवाल्याने चक्की बंद केली नाही.

नळी काढून गळ्याची जखम भरत आली तेव्हा भजनी मंडळाने तिचा सत्कार ठेवला. सतरंज्या अंथरल्या, हार आणले. मामांनी भाषण केलं. त्यात मृत्यू होता, नामस्मरण होतं, घराण्याची शतकानुशतकांची पुण्याई होती. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. मग त्यांनी अक्काच्या खांद्यांवर शाल घातली, ती गळ्यापर्यंत नीट ओढली, नारळ दिला आणि म्हणाले, "आता आमच्या अक्काने दोन शब्द बोलावेत." त्या दिवसांनंतर तिचा आवाज चारचौघांत कोणी ऐकला नव्हता. आई माझं मनगट धरून उभी होती.

अक्काने श्वास घेतला. आवाज घोगरा होता, पण शेवटच्या बायकांपर्यंत पोचला.

"शाल टोचते," ती म्हणाली.

टोचतच होती. नंतर बरेच हिवाळे मी ती वापरली.